हाडाला काही नाही

मुखेडच्या किराणा दुकानदाराचा धाकटा मुलगा संगमेश्वर दुकानात कधी रमला नाही. थोरला विरूपाक्ष गल्ल्यावर बसला आणि हा लातूरला जाऊन नर्सिंगचा एक लहानसा कोर्स करून डॉक्टर आलोक वडवळकरांच्या मृण्मयी हॉस्पिटलात लागला. दवाखान्यातली माणसं त्याला ब्रदर म्हणायची. काही वर्षं वॉर्डात काढल्यावर डॉक्टरांनीच त्याला ॲम्ब्युलन्सवर घेतलं. चाकूर, अहमदपूर, मुखेड, पार देगलूरच्या हद्दीपर्यंत गाडी जायची आणि पेशंट घेऊन यायची. पुढे साहेबराव ड्रायव्हर आणि मागे संगमेश्वर, अशी जोडी जमून गेली होती.

संगमेश्वरला बोलायची भारी हौस. पेशंट कितीही गंभीर असो, हा त्याच्या उशाशी बसून विचारत राहणार, कोन्या गावचे, पाहुणे कुठले, औंदा तूर कशी हाय. साहेबराव पुढून ओरडायचा, "आरं त्याला दम तर खाऊ दे." पण संगमेश्वरचं म्हणणं असं, की माणूस बोलत असला म्हणजे शुद्धीवर असतो, आणि त्याच्याशी कुणीतरी बोलतंय म्हटल्यावर त्याची भीतीही कमी होते. नातेवाईक पुढे कितीतरी महिने त्याला फोन करायचे. कुणी शेंगा आणून द्यायचं, कुणी लग्नाची पत्रिका. राजीव गांधी चौकापलीकडे दोन खोल्यांचं भाड्याचं घर, बायको महानंदा, बारावीतली मुलगी अक्षरा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मुखेडहून येऊन राहणारी आई सिद्धम्मा. तिला तो अव्वा म्हणायचा. एवढ्यावर त्याचं बरं चाललं होतं.

ऑक्टोबरातली गोष्ट. सोयाबीन काढणी जोरात होती. मुखेडजवळच्या एका वस्तीवरून फोन आला. संघपाल नावाचा पोरसवदा माणूस, हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर असायचा, बायकोच्या बाळंतपणासाठी गावी आलेला. पंचशीला त्याची बायको. दिवस भरायला अवकाश होता आणि सकाळपासून अंगावरून रक्त जात होतं. मुखेडच्या डॉक्टरांनी ताबडतोब पुढे हलवायला सांगितलं. संघपालच्या मावशीचं ऑपरेशन मृण्मयीत झालं होतं, म्हणून त्यांनी नांदेड सोडून लातूर धरलं.

जांबच्या रस्त्यानं गाडी निघाली. पंचशीलाचा चेहरा पांढरा पडत चालला होता. संघपाल पायथ्याशी बसून नुसता तिचे तळवे चोळत होता. संगमेश्वर बाजूच्या अरुंद बाकड्यावर अर्धवट बसून, पुढे झुकून, एका हातानं सलाईनची बाटली आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरून होता. "पंचशीलाताई, डोळे उघडे ठेवायचे. माहेर कोणतं तुमचं? मुरुड? मुरुडचा बाजार लई मोठा म्हणतात." ती ओठ हलवायची, शब्द जेमतेम कळायचा.

चाकूर मागे पडलं आणि रस्त्यावर रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप आडवा आला. साहेबरावानं ब्रेक दाबला. गाडी थांबली न थांबली तोच मागून दणका बसला. सोयाबीनची पोती भरून लातूरच्या मोंढ्याकडे निघालेला एक पिकअप मागच्या दारावर येऊन आदळला होता.

संगमेश्वरला नंतर आठवायचं ते इतकंच, की आपलं अंग एकीकडे गेलं आणि डोकं एकीकडे. मानेत काहीतरी कचकन झालं आणि डोळ्यांपुढे क्षणभर अंधार आला. पण बाटली हातातून सुटली नव्हती. त्यानं आधी पंचशीलाच्या हातातली सुई बघितली. सुई जागेवर होती.

साहेबराव उतरून मागे आला. दार आत दबलं होतं, कडी तुटली होती. पिकअपवाला पोरगा हात जोडून उभा होता. साहेबरावानं त्याची गचांडी धरली आणि पोलिसांना फोन लावायला मोबाइल काढला. आतून संगमेश्वर म्हणाला, "साहेबराव, सोड त्याला. बाई हातातनं जाऊन राहिली. आधी गाडी काढ."

"आरं पण दाराचं…"

"दार दोरीनं बांध. चल."

दार दोरीनं बांधलं आणि गाडी निघाली. पिकअपचा नंबर कुणी बघितला नाही. हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या पंचशीलाला ऑपरेशनला घेतलं. मुलगी झाली, दोघी वाचल्या. डॉक्टर वडवळकर ऑपरेशन उरकून बाहेर आले तेव्हा त्यांनी संगमेश्वरच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "थोडा जरी उशीर केला असता तर अवघड होतं." थाप पाठीवर पडली तशी मानेतून कळ निघाली. त्यानं ती कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी मान आखडली. महानंदानं बाम चोळला, मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. उशी चुकीची झाली असेल असं तोही सगळ्यांना सांगत होता. कामावर जात राहिला. पण दुखणं उतरेना. मागे वळून बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागायचं. मानेपासून निघालेल्या मुंग्या खांद्यावरून उजव्या हाताच्या बोटांपर्यंत उतरायच्या. गाडीनं खड्डा खाल्ला की डोक्याच्या मागच्या बाजूला कुणी ठोकल्यासारखं व्हायचं आणि मळमळायचं. पेशंटशी बोलणं हळूहळू कमी झालं. साहेबरावाच्याही ते ध्यानात आलं. "का रे, मुका झालास का?" तो विचारायचा.

मग एके दिवशी उदगीरकडच्या एका म्हाताऱ्याला जिन्यावरून खाली आणताना स्ट्रेचरची उजवी मूठ संगमेश्वरच्या हातातून निसटली. म्हाताऱ्याच्या मुलानं झेप घेऊन सावरलं म्हणून बरं, नाहीतर पेशंट पायऱ्यांवर पडला असता. ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर गेली.

वडवळकर वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला केबिनमध्ये बसवलं, एक्स-रे काढायला लावला, पैसे घेतले नाहीत. फिल्म उजेडाला धरून बघितली आणि म्हणाले, "हाडाला काही नाही. मणके सरळ आहेत. थोडी झीज आहे, ती या वयात असतेच. गोळ्या घे, मानेला पट्टा लाव, आराम कर."

"सर, त्या चाकूरच्या दणक्यापासून झालं हे."

"बरोबर आहे, पण दणक्यानं काही तुटलेलं नाही ना. मनातून काढून टाक."

आराम केला. पट्टा लावला. पट्टा काढला की डोकं जड होऊन एका बाजूला कलायचं. त्याला गाडीवरून काढून चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथं संगणकाकडे बघत बसणं त्याहून अवघड निघालं. दुपारपर्यंत डोळ्यांपुढे अक्षरं नाचायची. तो उठून भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. समोरच्या बाकांवरचे लोक कुरकुरायचे. कामावरची माणसं आधी हळहळली, मग हसायला लागली. चालताना मान न हलवता जाणाऱ्या संगमेश्वरला कुणीतरी नवरदेव म्हणायला लागलं, बाशिंग बांधल्यासारखा चालतो म्हणून. चांगला धडधाकट दिसणारा माणूस, जखम नाही, प्लास्टर नाही, काठी नाही. रजा वाढत गेल्या. शेवटी ऑफिसमधून निरोप आला, बरं वाटेपर्यंत यायची गरज नाही. बरं कधी वाटणार ते कुणी सांगितलं नाही, आणि पगार त्या महिन्यापासून बंद झाला.

घरात महानंदानं शिलाई वाढवली. अक्षरानं आपण होऊन एक क्लास सोडला आणि सोडल्याचं आठवडाभर घरात कळू दिलं नाही. कळलं तेव्हा संगमेश्वर रागावला, आणि रागावता रागावता त्याला भोवळ आली. मग तीच त्याला धरून पलंगावर घेऊन गेली. बापानं मुलीच्या खांद्यावर हात टाकून पलंगापर्यंत जायचं, ह्याची त्याला त्या दिवशी जितकी लाज वाटली तितकी पुढे कोर्टातही वाटली नाही.

अव्वाच्या सांगण्यावरून विरूपाक्ष त्याला नांदेडला डॉक्टर रेणुकादासांकडे घेऊन गेला. हाडांचे आणि नसांचे जुने डॉक्टर, वय झालेलं, दिवसाला मोजकेच पेशंट बघायचे. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला. संगमेश्वरला खुर्चीत बसवून मान सगळ्या बाजूंनी हळूहळू वळवून बघितली, बोटांची पकड बघितली, आणि दणका बसला तेव्हा तू कसा बसला होतास ते नीट विचारलं. अपघाताची एवढी बारीक चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

"हे बघ," ते म्हणाले, "मागून ठोकर बसली की अंग गाडीबरोबर पुढे जातं आणि डोकं मागं राहतं. मग डोकं सपकन पुढं येतं. चाबूक झटकल्यासारखं. तू तर वाकून, तिरपा बसलेला. हाड तुटत नाही, पण हाडांना धरून ठेवणारं आतलं सगळं ताणलं जातं. एक्स-रेत ते दिसत नाही."

"मंजे माझं दुखणं खरं हाय?"

हा प्रश्न त्यानं इतक्या गंभीरपणे विचारला की डॉक्टरांनी आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "खरं आहे," ते म्हणाले. "बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत जातं. काहींचं जात नाही. तुझं आता वर्षावर गेलंय. स्ट्रेचर उचलण्याचं काम तुझ्याकडून होणार नाही."

परतीच्या बसमध्ये संगमेश्वर विरूपाक्षला म्हणाला, "दादा, येडा न्हाई मी." विरूपाक्ष म्हणाला, "तुला येडं कोन म्हनलं?" आणि खिडकीबाहेर बघायला लागला, कारण घरी त्यानंही एकदा बायकोजवळ तसलंच काहीतरी बोलून दाखवलं होतं.

नुकसानभरपाईचं पहिल्यांदा काढलं ते महानंदानं. ती ज्यांच्या घरचे ब्लाउज शिवायची त्या ॲडव्होकेट देविका कामगारांच्या केसेस चालवायच्या. एका संध्याकाळी कपडे द्यायला गेली आणि सगळं सांगून आली. दुसऱ्या दिवशी दोघं नवराबायको त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले.

"पगारातून ई.एस.आय., म्हणजे कामगार विमा, कापत होते का?" देविकाताईंनी विचारलं.

"न्हाई. पगार माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून यायचा. काम मातर डॉक्टरांचंच."

"मग आपल्याला कामगार न्यायालयात जाता येईल. कामावर असताना, कामामुळं इजा झाली तर मालकाला भरपाई द्यावी लागते. चूक मालकाची असलीच पाहिजे असं नाही. एजन्सी मध्ये आहे म्हणून हॉस्पिटल सुटत नाही." त्यांनी वही उघडली. "पण अपघात झाला हे दाखवावं लागेल. आणि तुमची कमावण्याची ताकद कायमची किती घटली ते डॉक्टरनं येऊन सांगावं लागेल. पोलिसात तक्रार?"

"केली न्हाई. पेशंट लई सिरियस होता."

"पंचनामा, फोटो?"

संगमेश्वरनं मान हलवायचा प्रयत्न केला, मग तोंडानं म्हणाला, "न्हाई."

देविकाताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "साहेबराव बोलेल का?"

"का न्हाई बोलणार? त्यानंच तर दार बांधलं."

साहेबरावाला तो लातूरच्या गोलाई बाजारात चहाच्या टपरीवर भेटला. साहेबरावानं त्याच्यासाठी स्टूल ओढलं, त्याला सरळ बघता येईल असं समोर बसवलं, चहाबरोबर खारी सांगितली. विषय निघाला तसा तो पायाकडे बघायला लागला.

"संगू, ऑफिसातनं मला आधीच बोलावलं होतं," तो म्हणाला. "ते म्हनले, दार रिव्हर्स घेताना भिंतीला लागलं असं सांगायचं. न्हाईतर चाबी ठेवून जा."

"अन् तू काय म्हनलास?"

"माझी दोन्ही पोरं कॉलेजात हायती. या वयात मला कोन ठेवून घेणार?"

"मंजे कोर्टात तू भिंत म्हननार."

"तू डॉक्टरला भेट. हातापाया पड. कोर्टाचं काढू नको. तो माणूस तसा वाईट न्हाई."

संगमेश्वरला भांडता आलं नाही. भांडायचं तर आवाज चढवावा लागतो, आणि आवाज चढवला की डोक्यात ठोके सुरू व्हायचे. तो उठला. साहेबराव त्याला रस्ता ओलांडून द्यायला बरोबर आला. उजवीकडून येणाऱ्या गाड्या संगमेश्वरला दिसत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. त्याचा दंड धरून त्यानं रस्ता ओलांडून दिला, आणि पुढे काही महिन्यांनी त्याच साहेबरावानं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, की त्या दिवशी रस्त्यात काहीही झालं नाही, दार भिंतीला लागलं होतं.

त्याच्याआधी संगमेश्वर डॉक्टरांनाही भेटून आला होता. हातापाया पडला नाही, पण विनंती केली. वडवळकर म्हणाले, "तुला काही मदत हवी असेल तर मी माणुसकी म्हणून करीन. पण अपघात, ड्युटी, कायम अपंगत्व हे शब्द मला मान्य नाहीत. उद्या प्रत्येक जण मान धरून येईल." ते शांतपणे बोलत होते. टेबलावर त्यांच्या मुलीचा फोटो होता, जिच्या नावाचं हॉस्पिटल. बाहेरच्या खिडकीत संगमेश्वरच्या जागेवर नवा माणूस बसला होता. त्यानं नाव विचारून चिठ्ठी करायला घेतली, कारण त्याला वाटलं हा पेशंटच आहे.

केस उभी राहिली. हॉस्पिटलच्या वकिलानं उत्तर दिलं, की असा अपघात झालाच नाही, हा माणूस आमचा नोकर नाही, आणि मानेची झीज वयाची आहे. आता अपघात धड शुद्धीत बघितलेला माणूस एकच उरला होता. संघपाल.

संघपाल हैदराबादला परत गेला होता. नंबर बदललेला. विरूपाक्षनं मुखेडच्या बाजाराच्या दिवशी त्याच्या वस्तीवरच्या माणसांना गाठून नवा नंबर मिळवला. फोनवर संघपालला ओळख पटायला वेळ लागला नाही. "भाऊ, येतो ना मी. तुमच्यामुळं माझं लेकरू हाय." मागून लहान मुलीचा आवाज येत होता. संगमेश्वरनं मुलीचं नाव विचारलं. मग तिच्या नावावरून, तिच्या दातांवरून, हैदराबादच्या पाण्यावरून बोलत बसला. किती महिन्यांनी तो असा कुणाशी बोलत होता. महानंदा दारात उभी राहून ऐकत होती.

पहिल्या तारखेला संघपाल आला. रात्रभर गाडीत उभा राहून आला होता, कपड्यांवर सिमेंटचे डाग तसेच. न्यायाधीश साहेब रजेवर होते. तारीख पडली. दुसऱ्या तारखेला पुन्हा आला. समोरच्या वकिलांनी मुदत मागितली आणि ती मिळाली. संघपाल कोर्टाच्या ओट्यावर बसून बिडी ओढत राहिला. जाताना म्हणाला, "भाऊ, मुकादम दुसरा माणूस लावतो म्हनून राहिला. पुन्हा जमतं की न्हाई सांगता येत न्हाई." संगमेश्वरनं त्याला तिकिटाचे पैसे देऊ केले. त्यानं घेतले नाहीत. त्याला नको म्हणायचा धीर संगमेश्वरला झाला नाही, आणि पुन्हा ये म्हणायचाही झाला नाही. दोघं तसेच स्टँडपर्यंत चालत गेले.

तिसऱ्या तारखेला देविकाताईंनीच फोन करून विनवलं आणि तो आला. पंचशीलाही आली, मुलीला कडेवर घेऊन. त्या दिवशी साक्ष झाली. संघपालनं जे झालं ते सांगितलं. रोही आडवे आले, ब्रेक लागला, मागून पिकअप बसला, ब्रदर बाकड्यावरून उचलून आदळला पण बाटली सोडली नाही.

समोरच्या वकिलांनी विचारलं, "पिकअपचा नंबर काय होता?"

"नंबर न्हाई बघितला साहेब."

"एवढा मोठा अपघात झाला म्हणता आणि नंबर बघितला नाही?"

"माझी बायको मरून राहिली होती साहेब. नंबर कोन बघतो?"

लिहून घेणाऱ्या कारकुनाची बोटं थांबली. मग साहेब म्हणाले, "घ्या तसंच लिहून." संगमेश्वर मागच्या बाकावर ताठ बसला होता. त्याला वाकून बायकोकडे बघता येत नव्हतं, म्हणून त्यानं नुसता तिचा हात चाचपला.

त्या दिवशी सगळ्यांना वाटलं की आता झालं. राहिले होते डॉक्टर रेणुकादास. त्यांनी दाखला लिहून दिला होता, की मानेच्या हालचाली निम्म्यावर आल्या आहेत आणि हा माणूस जुनं काम करू शकणार नाही. पण नुसता दाखला कोर्टात चालत नाही. लिहिणाऱ्या डॉक्टरनं येऊन सांगावं लागतं, उलटतपासणीला उत्तरं द्यावी लागतात. संगमेश्वर आणि विरूपाक्ष नांदेडला गेले.

रेणुकादास खरंच थकले होते. दवाखाना जवळजवळ बंद झाला होता. "मी लिहिलेलं एक अक्षर खोटं नाही," ते म्हणाले. "पण कोर्टात उभं राहणं आता मला झेपत नाही. तुम्ही लातूरचा एखादा डॉक्टर बघा. तपासून तोही हेच सांगेल."

लातूरला ते तीन डॉक्टरांकडे गेले. एकानं तपासलं, बरोबर आहे म्हणाला, आणि कोणाविरुद्ध केस आहे ते ऐकल्यावर फाइल परत दिली. दुसऱ्याच्या माणसानं बाहेरच सांगितलं की साहेब कोर्टाची कामं घेत नाहीत. तिसरा तरुण होता, भला होता. त्यानं आधी होकार दिला आणि आठवड्यानं फोन केला. "मला याच गावात प्रॅक्टिस करायची आहे काका. मला माफ करा." संगमेश्वर त्याला म्हणाला, "तुमची काय चूक न्हाई." त्यानं फोन ठेवला. महानंदानं पाणी आणून ठेवलं. म्हणाली, "अवो, कोनीच खोटं बोलून न्हाई राहिलं की. समद्यांना पटतंय. मग कोनी येत काहून न्हाई?"

देविकाताईंनी रेणुकादासांच्या नावानं समन्स काढलं. ते बंगळूरला मुलाकडे राहायला गेल्याचा शेरा मारून समन्स परत आलं. पुन्हा मुदत मागितली, एकदा मिळाली, मग मिळाली नाही.

निकाल लागला तो पावसाळ्याच्या तोंडाशी. देविकाताईंनी कोर्टाच्या व्हरांड्यात त्याला समजावून सांगितलं. अपघात झाला, हे कोर्टानं मान्य केलं होतं. तो त्या वेळी हॉस्पिटलच्या कामावर होता, हेही मान्य केलं होतं. संघपालच्या साक्षीवर साहेबांनी विश्वास ठेवला होता, ड्रायव्हरच्या साक्षीवर ठेवला नव्हता. पण मान कायमची निकामी झाली हे सिद्ध झालं नाही. म्हणून काही महिने कामावर जाता आलं नाही तेवढ्यापुरतीच भरपाई मिळणार होती. तेवढ्यात त्याचं औषधाचंही भागत नव्हतं.

"अपील करता येईल," देविकाताई म्हणाल्या. "पण तिथंही हाच प्रश्न येईल. डॉक्टर कोण."

"ताई, तुमी लई केलं," संगमेश्वर म्हणाला. देविकाताईंनी हातातली फाइल बंद केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं का, हे महानंदानं नंतर त्याला विचारलं. तो म्हणाला, "मला तिकडं बघता आलं न्हाई."

लातूरचं भाड्याचं घर सोडून ते मुखेडला राहायला आले. अक्षराला पुढच्या शिक्षणासाठी मामाकडे ठेवलं. अव्वा ओसरीत शेंगा सोलत बसली होती. तिनं विचारलं, "काय म्हनलं कोर्ट?"

"कोर्ट म्हनलं, अपघात झाला."

"ते तर आपल्याला ठाऊकच होतं की."

"हाव अव्वा."

तिनं सुपातल्या शेंगा बाजूला सारून त्याला जवळ बसवलं आणि त्याच्या मानेवरून हात फिरवायला लागली. तिचा हात खरखरीत होता आणि दुखऱ्या जागेवर नेमका पडत नव्हता. त्यानं तो हलवला नाही.

आता तो विरूपाक्षच्या दुकानात बसतो. वजन उचलायचं काम त्याच्याकडे नाही. समोरून आलेल्या गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारायचं आणि आत सांगायचं. दुपारी जास्त दुखायला लागलं की पोत्यांच्या मागे सतरंजीवर पडतो. नांदेडच्या जिल्हा दवाखान्यात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी त्यानं दोनदा चक्कर मारली. बघणाऱ्यांनी त्याला हात वर करायला सांगितलं, चालून दाखवायला सांगितलं, आणि तुम्ही तर चांगले चालता म्हणाले. तिसऱ्यांदा जायचं महानंदा रोज म्हणते. तो उद्या म्हणतो. काल मात्र तिनंच सकाळी त्याचा धुतलेला सदरा काढून ठेवला, बसची वेळ विचारून आली, आणि तो तिच्या मागे निघाला.